उदयोन्मुख देश वाढतील. तुमचे पैसे वाढतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, वय चाळिशीच्या आत, निवृत्तीला वीस-बावीस वर्षे. मडगावात फ्लॅट, बँकेत मुदत ठेवी, शिवाय भविष्य निर्वाह निधी. ‘पुढची वीस वर्षे उदयोन्मुख देशांची, अमेरिका-युरोप आता म्हातारे झाले’ असे सगळीकडून कानावर पडते. तर या देशांची वाढ खरोखर टिकेल का, पुढे कोण जाईल, आणि दरमहा दहा हजार रुपये अशा फंडात घालावेत का?

आधी उत्तर, मग कारणे. काही देश नक्की वाढतील, बहुतेकांची वाढ मध्येच अडखळेल, आणि जे वाढतील त्यांच्या शेअर बाजारात पैसे घालणाऱ्याला त्या वाढीतला वाटा मिळेलच असे नाही. हा शेवटचा मुद्दा पटकन पटत नाही, म्हणून एकच उदाहरण. २००७ मध्ये चीनची अर्थव्यवस्था साधारण साडेतीन लाख कोटी डॉलरची होती. २०२३ मध्ये ती पावणेअठरा लाख कोटींच्या घरात गेली, म्हणजे पाचपट झाली. शांघायचा निर्देशांक ऑक्टोबर २००७ मध्ये ६,१२४ वर होता. २०२३ संपताना तो ३,००० च्याही खाली होता. देश पाचपट आणि बाजार निम्मा. चीन वाढणार हा अंदाज तंतोतंत खरा ठरला, तरी तेव्हा आत शिरलेला माणूस बुडाला.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा: वाढ कशातून येते, आणि आलेली वाढ कोणाच्या खिशात पडते.

त्याआधी टोपलीत काय आहे ते पाहू. ‘उदयोन्मुख बाजारपेठा’ हा शब्द १९८१ मध्ये जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळात काम करणाऱ्या अँटोइन व्हॅन आग्टमाएल यांनी काढला. फंडाला ‘तिसऱ्या जगाचा फंड’ म्हटले तर कोणी फिरकणार नाही, म्हणून हे नाव. थोडक्यात, हे मुळात विक्रीसाठी काढलेले नाव आहे, अर्थशास्त्रातला वर्ग नव्हे. १९८८ मध्ये एमएससीआय या शेअर निर्देशांक बनवणाऱ्या कंपनीने या देशांचा निर्देशांक सुरू केला. आज त्यात २४ देश आहेत, पण चीन, तैवान, भारत आणि दक्षिण कोरिया हे चौघेच त्याचा साधारण तीन चतुर्थांश भाग व्यापतात. तैवानची चिप बनवणारी टीएसएमसी ही एकच कंपनी दहा टक्क्यांहून जास्त आहे. आता गंमत बघा. कोरिया आणि तैवान केव्हाच श्रीमंत झाले, तरी या यादीत आहेत. उलट व्हिएतनाम, जिथली वाढ गेली तीस वर्षे अनेकांना हेवा वाटावी अशी आहे, तो एमएससीआयच्या यादीत अजून खालच्या ‘फ्रंटिअर’ गटात बसतो. तेव्हा ‘उदयोन्मुख’ फंड घेतला की तरुण, गरीब, वेगाने वाढणारे देश घेतले, ही समजूत पहिल्या पायरीवरच सोडून द्यावी.

आता वाढीकडे. गोव्यातल्या माणसाला हा विषय पुस्तकातून शिकवायची गरज नसावी, कारण आपल्या लोहखनिजाने दुसऱ्यांची वाढ फार जवळून पाहिली आहे. पन्नाशीच्या दशकात ते जपानला जायचे. २००० नंतर चीनने जवळपास सगळा माल उचलला. चीनचे पोलाद उत्पादन २००० मध्ये सुमारे १२.८ कोटी टन होते, २०१० मध्ये ६४ कोटींच्या आसपास, २०२० मध्ये १०६ कोटींवर. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथून ट्रकांच्या रांगा आणि मांडवी-झुवारीतून मुरगावकडे जाणाऱ्या बार्जी, हे त्या आकड्यांचेच आपल्याकडचे टोक. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला साडेचार-पाच कोटी टन खनिज निर्यात होत होते.

यात एक बारकावा आहे, आणि तो कुठल्याही देशाच्या वाढीला लागू पडतो. आपले बरेचसे खनिज ५८ टक्क्यांहून कमी लोहाचे, म्हणजे हलक्या प्रतीचे. चिनी कारखाने ते ऑस्ट्रेलिया-ब्राझीलच्या चांगल्या मालात मिसळून वापरत. पोलादाला प्रचंड मागणी असेल आणि चांगला माल महाग असेल, तेव्हाच हलक्या मालाला गिऱ्हाईक मिळते. ६२ टक्के लोहाच्या मालाचा भाव फेब्रुवारी २०११ मध्ये टनाला १९० डॉलरच्या आसपास होता. डिसेंबर २०१५ मध्ये तो ४० च्या खाली गेला. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, आणि आपल्याकडचा सगळा वाद तिथेच अडकून पडला. पण खाणी चालू राहिल्या असत्या, तरी २०१५ च्या भावात त्यातल्या बऱ्याच परवडल्या नसत्या, हे फारसे कोणी बोलत नाही. दुसऱ्याच्या बांधकामावर उभी असलेली वाढ त्याचे बांधकाम संपले की संपते. आज कच्चा माल विकून वाढणारे जे देश आहेत, आफ्रिकेतला तांब्याचा पट्टा असो की लॅटिन अमेरिका, त्यांचा वीस वर्षांचा अंदाज बांधताना हेच आधी विचारायचे: गिऱ्हाईक एकच आहे का, आणि आपला माल त्याच्या यादीत पहिला आहे की शेवटचा?

चीनचे बांधकाम का मंदावले, याचा हिशेब कागदावर दोन ओळींत होतो. एखादा देश उत्पन्नाचा किती हिस्सा गुंतवतो, त्याला वाढीच्या दराने भागायचे. उत्तर जितके लहान, तितका पैसा जास्त कामी आला. २००७ मध्ये चीनने उत्पन्नाच्या सुमारे ४१ टक्के गुंतवले आणि वाढ झाली १४.२ टक्के, भागाकार तीनच्या खाली. २०२३ मध्येही गुंतवणूक चाळीस टक्क्यांच्या वरच होती, पण वाढ ५.२ टक्के, भागाकार आठच्या आसपास. विटा-सिमेंट तेवढेच, मिळालेले उत्पन्न तिसरा हिस्सा. पहिला महामार्ग दोन शहरे जोडतो, दहावा महामार्ग रिकामा पडतो. २०२१ च्या डिसेंबरात एव्हरग्रांद ही बांधकाम कंपनी थकबाकीत गेली, ते अचानक नव्हते. हा भागाकार कित्येक वर्षे वर चढत होता.

म्हणून भांडवल ओतून आलेली वाढ आणि शिकून आलेली वाढ वेगळी ओळखता आली पाहिजे. वाढीचे तीनच झरे असतात: काम करणारे हात, त्यांच्या हातातली यंत्रे-रस्ते-वीज, आणि त्याच हातांनी त्याच यंत्रावर अधिक काढण्याची अक्कल. कल्पनेतला देश घ्या. कामगारांची संख्या वर्षाला १ टक्का वाढते, उत्पन्नात मजुरीचा वाटा ०.६, त्यातून आले ०.६. भांडवल ७ टक्के वाढते, वाटा ०.४, त्यातून आले २.८. अक्कल, म्हणजे उत्पादकता, दीड टक्का. एकूण ४.९. आता लोकसंख्या थांबली आणि भांडवलाची वाढ ४ टक्क्यांवर आली, तर शून्य अधिक १.६ अधिक १.५, म्हणजे जेमतेम ३.१. श्रीमंत होईपर्यंत पहिले दोन झरे बहुतेक आटतात आणि तिसऱ्यावर भागवावे लागते.

हातांबद्दल फार लांबण लावत नाही. चीनची लोकसंख्या २०२२ पासून घटू लागली. दक्षिण कोरियात २०२३ चा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, ०.७२ होता. भारताचा २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत २.० आणि गोव्याचा १.३, म्हणजे लोकसंख्येच्या बाबतीत गोवा भारतात नसून दक्षिण युरोपात आहे. ‘तरुण देश’ ही जाहिरात मात्र जपून घ्यावी. तरुण असणे वेगळे आणि कामावर असणे वेगळे. व्हिएतनाममध्ये पंधरा वर्षांवरच्या साधारण दोन तृतीयांश बायका काम करतात. भारतात अधिकृत पाहणीनुसार हे प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होते, २०२३-२४ मध्ये ४१.७ झाले. वाढ मोठी आहे, पण तिचा बराचसा भाग शेतीत आणि घरच्या धंद्यात, पगाराविना आहे. कारखान्याच्या फाटकातून आत जाणाऱ्या मुली मोजायच्या असतात.

कोरिया आणि तैवानने शिकून वाढणे कसे जमवले, यावर बरेच लिहिले गेले आहे. दोन गोष्टी माझ्या मते सगळ्यांत वजनाच्या. पहिली, दोघांनीही १९५० च्या आगेमागे जमीन कुळांना वाटली आणि लगोलग गावोगाव प्राथमिक शाळा उभ्या केल्या. गोव्यात मुख्यमंत्री बांदोडकरांच्या काळात १९६४ चा कूळ कायदा आला आणि खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या, म्हणजे आपल्याकडे सुरुवात तशी सारखीच होती. फरक दुसऱ्या गोष्टीत पडला. कोरियात स्वस्त कर्ज हवे असेल तर निर्यातीचे लक्ष्य गाठावे लागे. नाही गाठले तर कर्ज बंद. परदेशी मालापासून संरक्षण मिळायचे, पण मुदतीचे आणि हिशेब देऊन. लॅटिन अमेरिकेतल्या कितीतरी देशांनी संरक्षण दिले, हिशेब मात्र मागितला नाही. तिथले उद्योग साठ वर्षांनीही घरच्या गिऱ्हाइकाच्याच जिवावर जगतात. भाटकार, म्हणजे जमीनदार, गेला आणि कूळ मालक झाले, तरी शेत पडीक राहू शकते, हे आपल्या खाडीकाठच्या खाजन जमिनींकडे पाहून कोणालाही कळेल.

आता अंदाजांबद्दल. एखादा देश दहा वर्षे आठ टक्क्यांनी वाढला की पुढचीही दहा वर्षे तशीच रेघ ओढायची, ही सवय तज्ज्ञांनाही असते. लँट प्रिचेट आणि लॉरेन्स समर्स या अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये बऱ्याच देशांचे जुने आकडे तपासले. एका दशकातल्या वाढीवरून पुढच्या दशकातली वाढ सांगता येत नाही असे निघाले, आणि अतिवेगवान वाढीचा काळ साधारण नऊ वर्षे टिकतो असेही. जागतिक बँकेच्या २०१२ च्या अहवालातला हिशेब तर प्रसिद्धच आहे: १९६० मधल्या १०१ मध्यम उत्पन्नाच्या अर्थव्यवस्थांपैकी २००८ पर्यंत फक्त १३ श्रीमंत गटात पोचल्या. त्यांत कोरिया, तैवान, सिंगापूर, आयर्लंड आहेत आणि आपला जुना धनी पोर्तुगालही. बाकीचे गरीब झाले असे नाही. ते मध्येच राहिले. पाय बहुतेकांचा एकाच जागी अडकतो. मजुरी वाढते, म्हणून स्वस्त कापड-चपलांचे काम दुसऱ्या देशात जाते; आणि महाग, अवघड वस्तू बनवण्याइतके शिक्षण व संशोधन अजून झालेले नसते.

पर्यटनावर भिस्त असलेल्या माणसाने मॉरिशस बारकाईने पाहावा. क्षेत्रफळ गोव्याहून कमी, लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याच पंक्तीतली, आणि वस्तीत मराठी मुळाची माणसेही आहेत. स्वातंत्र्य मिळाले १९६८ मध्ये, तेव्हा उसाखेरीज काही नव्हते. १९७० च्या कायद्याने निर्यात उद्योगांना सवलती दिल्या, त्यातून कापड उद्योग आला, मग पर्यटन, मग वित्तसेवा. एक झरा आटायच्या आत दुसरा खणला, हे त्यांचे कौतुक. २०१९ च्या उत्पन्नावर जागतिक बँकेने २०२० मध्ये त्यांना उच्च उत्पन्न गटात घातले, आणि त्याच वर्षी विमाने थांबली. एका वर्षात उत्पन्न सुमारे १४-१५ टक्के घटले आणि पुढच्याच यादीत ते परत खालच्या गटात आले. इतके सगळे नीट करूनही पर्यटनाचा हिस्सा मोठा असला की असे होते. मग पर्यटन थांबले आणि डोक्यावर परकीय कर्जही असले तर काय होते, ते श्रीलंकेने २०२२ मध्ये दाखवले. परकीय गंगाजळी संपली, पेट्रोलला रांगा लागल्या, एप्रिलमध्ये परकीय कर्ज फेडणे थांबले आणि डॉलर काही आठवड्यांत २०० श्रीलंकन रुपयांवरून ३५० च्या पुढे गेला.

इथे चलनाचा विषय येतोच. देश वाढतो स्वतःच्या चलनात; परक्या माणसाला परतावा मिळतो तो चलन बदलल्यावर. तुर्कस्तान २०१३ ते २०२३ या काळात एकाही वर्षी आकसला नाही, कोविडच्या वर्षीसुद्धा. पण २०१३ संपताना डॉलर सव्वादोन लिरांच्या आत मिळत होता, २०२३ संपताना साडेएकोणतीस लिरांना. मोरजी-हरमलच्या शॅकवाल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. २०१४ मध्ये रूबल कोसळला आणि रशियन चार्टर विमाने आटली, तेव्हा गिऱ्हाइकाच्या देशाचे चलन म्हणजे काय ते किनाऱ्यावर कळले होते.

चलन कधी फुटेल याची तारीख कोणी सांगू शकत नाही, पण भेगा दिसतात. एका वर्षाच्या आत फेडायचे परकीय कर्ज गंगाजळीपेक्षा जास्त असेल तर ती मोठी भेग. थायलंडची जुलै १९९७ मधली पडझड तिथूनच झाली: डॉलर २५ बाथवरून काही महिन्यांत ५० च्या पुढे. चालू खात्यातली, म्हणजे परदेशांशी होणाऱ्या देवघेवीतली, तूट सलग तीन-चार वर्षे उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या वर राहिली तर दुसरी भेग. आणि तिसरी, सरकारच्या महसुलातला किती पैसा नुसत्या व्याजात जातो. यात भारताचाही आकडा चांगला नाही. २०२३-२४ मध्ये केंद्राच्या महसुली उत्पन्नातले साधारण ३९ टक्के व्याजाला गेले. आपल्याला वाचवते ते हे की हे कर्ज जवळपास सगळे रुपयांत आणि घरच्याच बँका-विमा कंपन्यांकडे आहे. रात्रीत पळून जाणारा धनको आपल्याकडे थोडा.

आता दुसरा प्रश्न: आलेली वाढ खिशात का पडत नाही? फ्लोरिडाचे प्राध्यापक जे रिटर यांनी २००५ मध्ये १६ देशांचे १९०० पासूनचे आकडे मांडले, तेव्हा दरडोई वाढ आणि शेअरवरचा परतावा यांचे नाते चक्क उलटे निघाले. कारण गुंतागुंतीचे नाही, साधा गुणाकार आहे. समजा देशाचे उत्पन्न महागाई धरून वर्षाला १० टक्के वाढते आणि कंपन्यांचा एकूण नफाही १० टक्के वाढतो. पण या कंपन्या वाढीसाठी दर वर्षी ४ टक्के नवे शेअर काढतात. सरकार आपल्या बँका बाजारात उतरवते, नव्या कंपन्या येतात. तेव्हा तुमच्या हातातल्या एका शेअरमागचा नफा वाढला ५.८ टक्के. तुम्ही शिरलात तेव्हा सगळे उत्साहात होते आणि बाजार नफ्याच्या २५ पट भावाने चालला होता; दहा वर्षांनी उत्साह ओसरून तो १५ पटीवर आला. याचा फटका दर वर्षी ५ टक्के. उरला अर्धा टक्का. वर २ टक्के लाभांश धरला तरी अडीच. चलन घसरले तर त्यातूनही वजा. दहा टक्क्यांनी धावणाऱ्या देशात अडीच टक्के! चीनमध्ये झाले ते साधारण असेच.

हाच हिशेब रुपयांत करून पाहू, कारण आपल्याकडे आणखी एक घटक मध्ये येतो. एमएससीआयचा उदयोन्मुख निर्देशांक २००७ संपताना १,२४५ च्या आसपास होता आणि २०२३ संपताना १,०२४. डॉलरवाल्याला सोळा वर्षांत तोटा. त्या काळात आपला रुपया डॉलरला ३९.४ वरून ८३.२ वर घसरला, म्हणून आपल्या माणसाचे एक लाख रुपये साधारण १ लाख ७४ हजार झाले. वर्षाला साडेतीन टक्के. लाभांशाचे अडीच धरले तर सहा. म्हापशाच्या कुठल्याही बँकेत मुदत ठेवीत यापेक्षा कमी मिळाले नसते, आणि रात्री झोपही लागली असती. मात्र दुसरी बाजूही लिहायला हवी. हाच निर्देशांक २००२ संपताना २९२ वर होता. तिथून शिरलेल्याचे डॉलरमधले पैसे पाच वर्षांत चौपटीहून जास्त झाले. २०२५ मध्येही तो तीस टक्क्यांच्या आसपास उसळला. देश तेच, वाढीची कहाणीही तीच. फरक शिरतानाच्या भावाचा.

भारताबद्दल निराळे सांगतो, कारण तुमचे खरे पैसे तिथेच आहेत. २०४७ पर्यंत उच्च उत्पन्नाचा देश व्हायचे तर सरासरी ७.८ टक्के वाढ लागेल, असे जागतिक बँकेच्या फेब्रुवारी २०२५ च्या अहवालात आहे. २००० ते २०२४ ची सरासरी ६.३ होती. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. बावीस वर्षांत ६.३ ने उत्पन्न ३.८ पट होते आणि ७.८ ने ५.२ पट. माझा अंदाज सहाच्या आगेमागे. तो वाईट मुळीच नाही. बारा वर्षांत दुप्पट होते. साडेसातच्या वर जाण्यात दोन गोष्टी आडव्या येतात. पाचवीतल्या साधारण निम्म्या ग्रामीण मुलांना दुसरीचे पुस्तक धड वाचता येत नाही, असे ‘असर’ ही शालेय शिक्षणाची पाहणी दर खेपेला सांगते. आणि दरडोई वीजवापर २०२३-२४ मध्ये १,४०० युनिटच्या आसपास होता; चीनचा त्याच्या चौपटीहून अधिक. वीज हा मला नेहमीच जीडीपीपेक्षा प्रामाणिक आकडा वाटत आला आहे. कारखाना चालतो की नाही ते मीटर सांगतो, मंत्रालय नाही. जमेची बाजू सेवा निर्यातीची. तिचा आकडा २०२३-२४ मध्ये ३४० अब्ज डॉलरवर गेला. कोरिया-चीनच्या वाटेत ही पायरी नव्हती, तेव्हा ती किती वर नेईल याला जुना दाखला नाही. पण ही पायरी पदवीधरांची आहे, आठवी झालेल्यांची नाही.

आता दहा हजारांचे काय? तुमचा पगार, फ्लॅट, भविष्य निर्वाह निधी सगळे भारतात, सगळे रुपयांत. म्हणजे एका मोठ्या उदयोन्मुख देशात तुम्ही आधीच गळ्यापर्यंत आहात. त्यात भर म्हणून उदयोन्मुख फंड घेतला तर साधारण सहावा-सातवा हिस्सा परत भारतच येतो, बाकी चीन-तैवान-कोरिया. मी असतो तर यातले सहा-साडेसहा हजार भारताच्या साध्या निर्देशांक फंडात, अडीच हजारांच्या आसपास विकसित देशांत आणि उरलेले हजार-बाराशे इतर उदयोन्मुख देशांत घातले असते. ज्याचे उत्पन्न पर्यटनावर आहे त्याने विकसित देशांचा भाग वाढवावा. ज्याच्या घरात कोणी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला, आहे किंवा आखातात आहे, त्याच्याकडे डॉलरची कमाई आधीच येते, त्याला तो कमी चालेल.

खरेदीत कुठे ठेच लागते तेही सांगतो. भारतीय म्युच्युअल फंडांना परदेशी गुंतवणुकीसाठी सर्वांची मिळून ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे, परदेशी ईटीएफसाठी, म्हणजे शेअरसारख्या बाजारात घेता-विकता येणाऱ्या फंडांसाठी, वेगळी १ अब्जाची. २०२२ च्या सुरुवातीला ती भरली आणि अनेक फंडांनी नवे पैसे घेणे थांबवले. अजूनही मध्येच हप्ता नाकारला जातो. मर्यादा भरली की नवे युनिट तयार होत नाहीत, म्हणून शेअर बाजारातल्या ईटीएफचा भाव फुगतो. शंभर रुपयांचा माल एकशे दहा-पंधराला मिळतो आणि घेणाऱ्याला पत्ताच नसतो. खरेदीआधी फंडाच्या संकेतस्थळावर त्या क्षणाची सूचक एनएव्ही, म्हणजे एका युनिटचे खरे मूल्य, पाहा. दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर घेऊ नका, वाट पाहा. थेट परदेशी खाते उघडून पैसे पाठवायचे तर वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परवानगी आहे आणि दहा लाख रुपयांच्या पुढे २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो, जो विवरणपत्रात परत मिळवता येतो. पण दरमहा हजार रुपयांसाठी बँकेचे शुल्क आणि चलनबदलातला कट देणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा जागतिक आढावा निघतो. त्यातला वाढीचा अंदाज वाचून हप्ता बदलू नका. त्याच आठवड्यात फंडाची फॅक्टशीट, म्हणजे माहितीपत्रक, काढा आणि तीनच रकाने पाहा: पहिल्या देशाचा हिस्सा, पहिल्या कंपनीचा हिस्सा आणि भाव-नफा गुणोत्तर. पहिला देश चाळीस टक्क्यांच्या वर, किंवा एकच कंपनी पंधराच्या वर, किंवा गुणोत्तर त्याच फंडाच्या दहा वर्षांच्या सरासरीच्या दीडपट झाले असेल, तर नवा हप्ता थांबवून तो विकसित देशांच्या फंडात वळवा. आधीचे युनिट विकू नका.